पैनगंगेच्या पाण्यालाही नाका हवा



वाशीमकडून हिंगोलीला येताना पैनगंगेचा पूल आणि कनेरगाव नाका लागतो. नाका म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. कोण आले, काय घेऊन आले, हे विचारून मगच पुढे सोडण्याची ती जागा. आपण घरच्या व्यवहारातही असा नाका ठेवतो. बाजारातून बैल आणायचा तर दात पाहतो, चालवून पाहतो, खोड आहे का ते विचारतो. बियाण्याची पिशवी घेताना खूण आणि तारीख पाहतो. सोयरीक करताना तर दहा ठिकाणी चौकशी करतो.

पण मासा मात्र आपण कसलीही चौकशी न करता पाण्यात सोडतो. कोणी गाडीवर डबे घेऊन येतो, "लवकर वाढणारी जात आहे, खाद्याचा खर्च नाही" असे सांगतो, आणि आपण ते बीज शेततळ्यात, गावतळ्यात, कधी कधी थेट नाल्यात ओततो. हा मासा कुठला, काय खातो, तळे फुटले तर कुठे जाईल, हे कोणी विचारत नाही. या एका निष्काळजीपणाने आपल्या नदीचे फार मोठे नुकसान होऊ शकते. कसे, ते पाहू.

नदीचा स्वतःचा मासा

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. वाशीम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ असा प्रवास करून ती वर्धा नदीला मिळते आणि तिचे पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीला जाते. हिंगोलीजवळून वाहणारी कयाधूही पुढे पैनगंगेलाच मिळते. म्हणजे आपल्या शिवारातल्या नाल्यात जे पडते त्याची वाट थेट गोदावरीपर्यंत मोकळी आहे.

या खोऱ्यात हजारो वर्षे वाढलेले मासे वेगळेच आहेत. दगडाच्या कपारीत राहणारी लांबट वाम, मिशा असलेला शिंगाळा, रुंद जबड्याचा बिनखवल्याचा शिवडा, डबक्यातही तग धरणारा मरळ, मोठ्या खवल्यांची खडशी आणि पावसाळ्यात पाण्याविरुद्ध चढणारी बारीक मासळी. गावागणिक नावे बदलतील, पण जुन्या माणसांना हे सगळे मासे ओळखीचे आहेत.

या माशांचा संसार पावसावर चालतो. पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले की यातले बरेच मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. नाल्यांच्या तोंडाशी, पाण्याखाली गेलेल्या गवतात अंडी घालतात. मरळाचे तर फार पाहण्यासारखे आहे. त्याच्या लालसर पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर फिरतो आणि आईबाप खाली राहून राखण करतात. वर्षातून एकदाच येणारी ही वेळ. ती साधली तर पुढच्या वर्षी नदीत मासा, नाही साधली तर नदी रिकामी.

गरिबाच्या घरात या बारीक मासळीला फार मोल आहे. ती काट्यासकट खाल्ली जाते, म्हणून तिच्यातून पोरांना आणि बाळंतिणीला चुना मिळतो. मोठ्या माशाचे तुकडे विकत घेणे ज्या घराला परवडत नाही, त्या घराला ही मूठभर मासळी आधार देते. आणि वाम, मरळ यांना बाजारात जो भाव येतो तो तळ्यातल्या माशाला येत नाही, हे भोई बांधवांना ठाऊक आहे.

आज हे मासे कमी झाले आहेत. त्याला एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही. धरणांनी माशांची चढण अडवली. १९८२ साली पूर्ण झालेल्या इसापूर धरणाने पैनगंगेचे खालचे आणि वरचे पाणी माशांसाठी वेगळे करून टाकले. वाळूच्या उपशाने अंडी घालण्याच्या जागा गेल्या. शेतातली औषधे वाहून नाल्यात येतात. काही अविचारी माणसे विष कालवून आणि स्फोटके उडवून मासे मारतात. आधीच अशक्त झालेल्या या कुटुंबाच्या दारात आपण आता दांडगे पाहुणे आणून सोडत आहोत, हा माझ्या काळजीचा विषय आहे.

गाजरगवत आठवा

परकी जात आपल्याकडे आली म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. गाजरगवत आठवा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेस आले. आज बांध, रस्ता, गायरान, शाळेचे आवार यांतले काही त्यातून सुटलेले नाही. त्याच्या स्वतःच्या देशात त्याला खाणारे किडे आहेत, त्याच्याशी झगडणाऱ्या वनस्पती आहेत. इथे त्याला कोणी शत्रूच नव्हता. ओढ्याकाठची बेशरम आणि पडीक रानातली वेडी बाभूळ यांचीही गोष्ट तीच.

माशाचे तर याहून अवघड आहे. गाजरगवत निदान डोळ्यांना दिसते, उपटता येते. पाण्यात काय चालले आहे ते दिसत नाही. दिसू लागते तेव्हा जाळ्यात दुसरे काही येतच नसते. आणि पाण्यात सोडलेला मासा परत वेचून काढण्याचे साधन अजून कोणाजवळ नाही.

चिलापीचा पसारा

आपण ज्याला चिलापी म्हणतो तो मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला गेला. हेतू चांगला होता. भराभर वाढणारा, काहीही खाणारा, गरिबाला स्वस्त प्रथिने देणारा मासा म्हणून त्याचे स्वागत झाले. पण थोड्याच वर्षांत त्याचे दुसरे रूप दिसले आणि १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंधन घालावे लागले. तोवर तो बराच पसरला होता.

त्याचे बळ कशात आहे ते नीट समजून घ्या. आपला रोहू, कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला वाहता पूर लागतो. म्हणूनच १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करून दाखवली, तेव्हा मत्स्यशेतीत क्रांती झाली. चिलापीला यातले काहीच लागत नाही. ती साचलेल्या पाण्यात, तीन-चार महिन्यांच्या वयापासून, वर्षातून अनेकदा विते. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे ती सहसा कोणाच्या तोंडी पडत नाहीत. उलट ती स्वतः दुसऱ्यांची अंडी आणि पिले खाते. म्हणजे स्वतःची घरात कडीकुलपात आणि शेजाऱ्याची उघड्यावर, असा हा सामना आहे.

भीमा नदीवरच्या उजनी जलाशयाकडे पाहा. तिथले मच्छीमार सांगतात की पूर्वी मिळणारे गावठी मासे कमी होत गेले आणि जाळ्यात चिलापीच जास्त येऊ लागली. चिलापीवर तिथे काही कुटुंबांचे पोट चालते, हे खरे आहे आणि ते नाकारता कामा नये. पण ज्या पाण्यात दहा जातींची मासळी होती तिथे एकीवरच सगळा धंदा टेकला, तर एका रोगाने किंवा भाव पडल्याने सगळे घर कोसळते. एकाच पिकावर अवलंबून राहिल्याचे काय होते, ते आपण कापसात आणि सोयाबीनमध्ये पाहिले आहेच.

आणखी एक गोष्ट. ज्याने शेततळ्यात साधी चिलापी सोडली त्याचाही फायदा होत नाही. पिलांची गर्दी होते, खाद्य पुरत नाही, आणि सगळे मासे बोटभर-वीतभर राहतात. तळे भरलेले दिसते पण काट्यावर वजन भरत नाही.

मांगूर: नाव एक, मासे दोन

मांगूर नावाने फार मोठा घोटाळा होतो. देशी मांगूर हा आपलाच मासा. तो सावकाश वाढतो आणि पाव-अर्ध्या किलोपुढे क्वचितच जातो. 'थाई मांगूर' म्हणून जो विकला जातो तो मूळचा आफ्रिकेतला. वर्षभरात तो किलोच्या पुढे जातो आणि पुढे वाढतच राहतो. तो हावरट मांसाहारी आहे. मासे, बेडूक, किडे, सडके मांस, काहीही खातो. तो हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे घाण पाण्यात टिकतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. त्याला कत्तलखान्यातील टाकाऊ मांस घालून वाढवण्याचे प्रकार सर्रास चालत.

या माशाच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ती बंदी काटेकोरपणे अमलात आणण्यास सांगितले, आणि त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी त्याचे साठे नष्ट करण्यात आले. तेव्हा कोणी 'थाई मांगूर' किंवा 'जंबो मांगूर' असे नाव सांगून बीज देऊ लागला तर ते घेऊ नका. पैसे तर जातीलच, आणि कायद्याचा ससेमिरा मागे लागेल.

एकदा गावातल्या बैठकीत हे सांगत होतो, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "साहेब, माशाला कुठं जातपात असते का? मासा तो मासा." मी म्हणालो, "काका, देवळात, पंगतीत, पाणवठ्यावर भेद नकोच. पण माणूस पंगतीला बसला म्हणून शेजाऱ्याची लेकरं खात नाही. हा मासा खातो." बैठक हसली, पण मुद्दा सर्वांना पटला.

आपल्या राज्यातला मासा, दुसऱ्या नदीत परका

परका मासा म्हणजे परदेशीच, असे मात्र समजू नका. या बाबतीत आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट फार शिकवण्यासारखी आहे.

खडशी, म्हणजे महासीर, हा आपल्या नद्यांचा राजा. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याच्या एका जातीची शास्त्रीय नोंद केली. पुढे हा मासा घटू लागला तेव्हा लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. त्या काळी हे मोठे यश होते. तिथली पिले देशातल्या अनेक पाण्यांत सोडली गेली. त्यात दक्षिणेतली कावेरीही होती.

कावेरीत मात्र महासीरची स्वतःची वेगळी जात होती. पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोवर जाणारा तो प्रचंड मासा जगात केवळ कावेरीच्या खोऱ्यात होता. बाहेरून आलेली खडशी तिथे झपाट्याने वाढली. गळाने मासे पकडणाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दिसले की बाहेरची खडशी वाढत गेली आणि कावेरीचा मूळ महासीर दिसेनासा होत गेला. २०१८ साली जागतिक यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त, म्हणजे नाहीसा होण्याच्या अगदी कडेला पोहोचलेला, अशी झाली. गंमत अशी की त्याचे शास्त्रीय नाव कोणते, हे तोवर पक्के ठरलेलेच नव्हते. नाव मिळेपर्यंत मासा जायला निघाला.

इथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. मासा वाचावा म्हणूनच पिले सोडली होती. पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडण्याआधी तिथे कोण राहते हे पाहण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

जगातही हाच अनुभव आहे. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. पुढे तो इतका वाढला की सरोवरातल्या सुमारे २०० जातींचे छोटे मासे नाहीसे झाले, असे शास्त्रज्ञ मानतात. निर्यातीचे कारखाने निघाले, परकीय चलन आले. पण काठावरच्या बाया पूर्वी छोटी मासळी उन्हात वाळवत. हा मोठा तेलकट मासा उन्हात वाळेना, त्याला धुरी द्यावी लागे, आणि त्या जळणासाठी झाडे तुटली. मासा बदलला म्हणजे चूलही बदलते, ती अशी.

मग शेततळ्यात काय सोडावे?

मत्स्यशेती करू नका असे मी अजिबात म्हणत नाही. शेततळ्यातला मासा हे चांगले जोडउत्पन्न आहे. २०१६ नंतर 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून गावोगावी तळी झाली आहेत. त्यांचा उपयोग जरूर करा. मात्र पुढील गोष्टी पाळा.

१. तळ्यात कटला, रोहू, मृगळ हे तीन मासे एकत्र ठेवा. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे तिघांचे भांडण होत नाही. हेही मुख्यतः उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले मासे आहेत, तेव्हा त्यांचीही जागा तळे आणि ठरवून दिलेले जलाशय हीच. पण बंद पाण्यात ते वीत नाहीत, म्हणून आपल्या ताब्यात राहतात.

२. बीज शासकीय किंवा मान्यताप्राप्त मत्स्यबीज केंद्रातूनच घ्या आणि पावतीवर जातीचे नाव लिहून मागा. मत्स्यजिरे घेण्यापेक्षा बोटुकली घ्या. ती ओळखता येते, तिच्यात दुसऱ्या जातीची भेसळ पकडता येते आणि मरही कमी होते. डब्यातली मूठभर पिले पांढऱ्या परातीत घेऊन पाहा.

३. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो आणि साचलेल्या पाण्यातही वितो. चिलापीच्या सुधारित जातीचे पालन शासनाच्या परवानगीने आणि अटींवरच करता येते. परवानगी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

४. सांडव्याला बारीक जाळी बसवा. जाळीपुढे पालापाचोळा अडकून पाणी तुंबते, म्हणून जोराच्या पावसात ती साफ करा. बांधाची उंची पुराच्या रेषेच्या वर ठेवा. नाल्याला लागून तळे असेल तर ही काळजी दुप्पट घ्या.

५. तळे रिकामे करताना उरलेले मासे नाल्यात सोडू नका. डासांसाठी टाक्यात सोडलेले गप्पी टाक्यातच ठेवा. शहरातल्या काचेच्या पेटीतले मासे वाढले, कंटाळा आला, म्हणून पुण्य समजून नदीत सोडणारे लोक आहेत. हे पुण्य नव्हे. असाच पेटीतला सकर मासा आज देशातल्या अनेक जलाशयांत शिरला आहे. अंगावर कठीण कवच, त्यामुळे त्याला खाणारा कोणी नाही. भोयाच्या जाळ्याचे मात्र तो नुकसान करतो.

गावाने नाका कसा बसवावा?

कायदे आहेत. पाण्यात विष घालून आणि स्फोटकांनी मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन उपद्रवी परकीय जातींची आयात, व्यापार आणि प्रसार रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. पण दिल्लीचा कायदा कनेरगावच्या नाल्यावर पहारा देऊ शकत नाही. तो पहारा गावाचाच हवा.

त्यासाठी हत्यारही आपल्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे सांगितले आहे. तिने गावातल्या झाडे, पिके, पशू, पक्षी, मासे यांची लोक-नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ही नोंदवही कपाटात पडून आहे. ती बाहेर काढा. भोई समाजातल्या म्हाताऱ्यांना आणि मासळी विकणाऱ्या मावश्यांना बोलावून बसवा. पूर्वी कोणते मासे मिळत, कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, आता कोणते मिळतात, आणि कोणता अनोळखी मासा कधीपासून दिसतो, हे लिहून घ्या. ही माहिती सांगणारी पिढी आता थकली आहे. शाळेतली मुले हे लिहिण्याचे काम आनंदाने करतील.

मग ग्रामसभेत तीन ठराव करा. एक, गावाच्या हद्दीत नदी-नाल्यात मत्स्य विभागाला विचारल्याशिवाय कोणीही मासा सोडणार नाही. दोन, गावतळ्याचा ठेका देताना कोणते बीज सोडणार हे करारात लिहिले जाईल आणि बीज सोडताना समितीचा एक माणूस हजर राहील. तीन, नदीतला एक खोल डोह राखला जाईल. उन्हाळ्यात त्यात जाळे पडणार नाही, आणि पहिल्या पुरात चढणीचे मासे व पिले राखणारा मरळ कोणी मारणार नाही.

डोह राखणे ही काही नवी कल्पना नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीला आणि पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसे येथे देवाचे मासे म्हणून नदीतला मासा पिढ्यान् पिढ्या राखला गेला आहे. तिथे महासीर आजही अंगाला येऊन भिडतात. जे देवाच्या नावाने जमले ते गावाच्या नावानेही जमेल. अशा डोहातून दर पावसाळ्यात आपोआप बीज सुटते. त्याला अनुदान लागत नाही आणि डबेही विकत आणावे लागत नाहीत.

इसापूर जलाशयावर, येलदरीवर ज्या मच्छीमार सहकारी संस्था काम करतात, त्यांचे यात नुकसान नाही. जलाशयात रोहू-कटल्याचे बीज सोडले जाते, ते त्यांच्या भाकरीचे साधन आहे आणि ते चालूच राहील. पण परकी हावरी जात जलाशयात शिरली तर पहिला फटका याच संस्थांना बसेल, कारण त्यांनी पैसे भरून सोडलेली बोटुकली तिच्याच तोंडी जाईल. तेव्हा अनोळखी मासा जाळ्यात आला तर तो परत पाण्यात टाकू नका. त्याचा फोटो काढा, तो जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा.

बीज घेऊन फिरणाऱ्या गाड्या जुलै-ऑगस्टमध्ये गावात येतात. ग्रामसभा त्याआधी घ्या, म्हणजे गाडी दारात उभी राहील तेव्हा विचारायचे प्रश्न तयार असतील: जात कोणती, आणली कुठून, पावती आहे का, आणि हे पाणी पुढे कुठे जाते? या चार प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली तर बीज घ्या. नाही मिळाली तर गाडी तशीच पुढे जाऊ द्या, आणि पुढच्या गावालाही निरोप धाडा.